भरलेले कोठार आणि उपाशी मालक



ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, ऐन धनत्रयोदशीच्या दिवसांत, सोन्याची एक बातमी देशभर मोठ्या कौतुकाने वाचली गेली. भारतीय रिझर्व्ह बँकेकडे एकूण ८५५ टन सोने आहे आणि त्यांपैकी ५१० टन आता देशातच ठेवलेले आहे, असे बँकेच्या अहवालातून समजले. त्याच वर्षीच्या मार्चअखेर देशातील हा साठा ४०८ टनांचा होता. म्हणजे सहा महिन्यांत शंभर टनांहून अधिक सोन्याची देशातल्या साठ्यात भर पडली, आणि त्यातले बहुतेक लंडनच्या तळघरांतून आले. त्याच सुमारास परकीय चलनाच्या गंगाजळीने ७०० अब्ज डॉलरचा टप्पाही ओलांडला होता. आपल्या गावाविषयी ‘जालना सोने का पालना’ ही म्हण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यामुळे सोन्याच्या बातमीने येथील माणूस हरखून गेला तर नवल नाही. परंतु हरखून झाल्यावर एक प्रश्न विचारला पाहिजे. मोठा साठा असणे ही स्वतःच एक चांगली गोष्ट आहे काय?

मराठीने या साठ्याला ‘गंगाजळी’ हा शब्द दिला आहे आणि तो विलक्षण समर्पक आहे. काशीहून आणलेल्या गंगेच्या पाण्याचा, तोंड बंद केलेला लहानसा गडू म्हणजे गंगाजळी. ते पाणी रोजच्या तहानेसाठी नसते. घरातील कुणाच्या अंतकाळी ते उघडायचे असते. आपल्या घरांतही हाजींनी आणलेले जमजम असेच फडताळात जपून ठेवलेले असते. या एका शब्दात दोन अटी दडलेल्या आहेत. गडू रोज उघडायचा नाही, ही पहिली. वेळ आली की तो उघडलाच पाहिजे, ही दुसरी. राष्ट्राच्या गंगाजळीविषयी बोलताना वर्तमानपत्रे आणि राज्यकर्ते पहिल्या अटीचे गोडवे गातात. दुसरीचा उच्चार क्वचितच होतो. या लेखाचा विषय ती दुसरी अट आहे.

प्रथम ही परकीय चलनाची गरज म्हणजे काय, ते पाहू. मराठवाड्याच्या माणसाला ते समजावून सांगण्यास अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. निजामाच्या राजवटीत जालन्याच्या बाजारात हाली सिक्का चालत असे. इंग्रजी मुलखातील रुपयाला आपले वाडवडील ‘कलदार’ म्हणत. सहा कलदारांना सात हाली, असा साधारण दर होता. जालन्याच्या व्यापाऱ्याला मुंबईहून कापड आणायचे तर हालीचा तेथे उपयोग नसे. कलदार मोजावे लागत. आणि कलदार कोठून येत? येथला कापूस मुंबईला विकला गेला तर येत. ज्याच्या पेटीत कलदार शिल्लक असतील त्याचे कापसाचे एक वर्ष बुडाले तरी दुकान चालू राही. देशाचेही तेच आहे. तेल, खत, औषधे, यंत्रे आणि अडल्या वर्षी धान्य बाहेरून आणायचे तर जगात चालणारे नाणे हाती हवे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागातील लोकांनी परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. ती मिलो कुणाला आवडली नाही, हे वडीलधारी मंडळी आजही सांगतात. पण देशापाशी ती आणण्याचे सामर्थ्य नसते तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी.

म्हणजे साठवण आवश्यक आहे. पण इस्लामी शिकवणुकीत साठवणुकीविषयी अतिशय कठोर इशाराही आहे. सूरह तौबाच्या ३४ व्या आयतीत, सोने-चांदी साचवून ती अल्लाहच्या मार्गात खर्च न करणाऱ्यांना वेदनादायक शिक्षेची वार्ता दिलेली आहे. या आयतीवरून प्रेषितांच्या सोबत्यांमध्येच मोठा मतभेद झाला. आदरणीय अबू जर (रजि.) सीरियात असताना तेथील अधिकारी आदरणीय मुआविया (रजि.) यांचे म्हणणे होते की, ही आयत पूर्वीच्या ग्रंथधारकांविषयी आहे. अबू जर (रजि.) म्हणत, ती त्यांच्याविषयी आहे आणि आपल्याविषयीही. हा वाद मदीनेपर्यंत पोहोचला आणि अखेर अबू जर (रजि.) रबजा येथील ओसाड वस्तीत जाऊन राहिले. आदरणीय इब्ने उमर (रजि.) यांचे मत वेगळे होते. ज्या संपत्तीची जकात दिली गेली ती ‘कन्ज’, म्हणजे निषिद्ध साठा, ठरत नाही, असे ते सांगत. बहुसंख्य विद्वानांनी हेच मत स्वीकारले आणि आपण घराघरांत त्यानुसारच वागतो. तरीही मला असे वाटते की अबू जर (रजि.) यांचा प्रश्न निकालात निघालेला नाही, तो व्यक्तीच्या घरातून उठून राज्याच्या खजिन्यापाशी जाऊन उभा आहे. कारण व्यक्तीला जकात आहे, राज्याच्या खजिन्याला जकात नाही. मग तो खजिना कन्ज होत नाही हे कशावरून ठरवायचे?

कुरआनातच याची एक वाट दिसते. प्रेषित यूसुफ (अ.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कणसातच ठेवून साठवले आणि दुष्काळाच्या सात वर्षांत कोठारे उघडली. त्यांनी कोठारांचा कारभार मागताना आपली योग्यता दोन शब्दांत सांगितली: रक्षण करणारा आणि जाणणारा. केवळ रक्षण करणारा नव्हे. कुलूप राखणे पहारेकऱ्यालाही जमते. कोणत्या दिवशी ते काढायचे हे जाणणे वेगळे. आदरणीय उमर (रजि.) यांच्या काळात इराकची सुपीक जमीन हाती आली तेव्हा ती सैनिकांत वाटून टाकावी, असा आग्रह आदरणीय बिलाल (रजि.) यांच्यासारख्यांनी धरला. उमर (रजि.) यांनी ती वाटली नाही. पुढे जन्मणाऱ्यांचा वाटा आज आपण खाऊन टाकावा काय, हा त्यांचा प्रतिप्रश्न होता. आणि याच उमरांनी (रजि.) हिजरी १८ च्या भीषण दुष्काळात मिसर आणि सीरियातून धान्याचे तांडे मागवले, आणि लोकांना पोटभर मिळेपर्यंत स्वतः तूप आणि मांस सोडले. पुढच्या पिढीसाठी राखणारा हात आणि आजच्या उपाशी माणसासाठी उघडणारा हात एकाच माणसाचे होते.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्या गंगाजळीच्या इतिहासातील सर्वांत मोठा नैतिक प्रसंग फारसा सांगितला जात नाही, कारण त्यात अभिमान वाटावा असे काही नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने हिंदुस्थानातून धान्य, कापड, कातडे, लोखंड, दारूगोळा अशी अफाट सामग्री युद्धासाठी उचलली. तिचे पैसे रोख मिळाले नाहीत. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे पौंड जमा होत गेले आणि त्या जमेच्या आधारावर येथे नोटा छापून सामग्रीच्या मालकांना दिल्या गेल्या. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातील नोटा सुमारे सहापट झाल्या. माल देशाबाहेर आणि नोटा देशात, अशी स्थिती झाल्यावर महागाई आकाशाला भिडली. ज्याच्या हाती नव्या नोटा येत होत्या, म्हणजे ठेकेदार, कारखानदार आणि शहरी नोकरदार, तो तरला. ज्याची मजुरी जुनीच होती तो बुडाला.

ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तेथील तांदूळ बंद झालेला, शत्रूला मिळू नयेत म्हणून किनाऱ्यावरील होड्या जप्त केलेल्या, त्यात १९४२ च्या ऑक्टोबरचे चक्रीवादळ. आणि १९४३ साली बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरू लागली. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख सांगितला. पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. मरणारे कोण होते? भूमिहीन मजूर, कोळी, नावाडी, गावोगावचे कारागीर. त्यांत मुसलमान होते, हिंदू होते. उपासमारीने धर्म विचारला नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की त्या वर्षी बंगालमध्ये धान्याचा एवढा तुटवडा नव्हताच. ते विकत घेण्याची ऐपत लोकांपाशी उरली नव्हती.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ज्या वर्षी हे घडले त्या वर्षी हिंदुस्थान गरीब कर्जदार नव्हता, सावकार होता! इंग्लंड आपले देणेकरी होते. आपल्या नावावर लंडनमध्ये दर महिन्याला रक्कम वाढत होती आणि युद्ध संपले तेव्हा ती सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. त्या काळातील जगातील मोठ्या साठ्यांपैकी तो एक होता. कोठार काठोकाठ भरलेले, आणि कोठाराचा मालक कलकत्त्याच्या पदपथावर पेज मागत होता. धान्यासाठी जहाजे द्यावीत म्हणून येथून लंडनला वारंवार विनवण्या गेल्या. मागितले त्याच्या मानाने मिळाले ते अगदी थोडे. कारण किल्ली देणेकऱ्याच्याच खिशात होती.

याच वर्षी, ११ ऑगस्ट १९४३ रोजी, रिझर्व्ह बँकेला पहिले भारतीय गव्हर्नर मिळाले, आणि ते मराठी होते: चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. दुष्काळ ऐन भरात असताना त्यांनी सूत्रे हाती घेतली. पुढील वर्षी अमेरिकेतील ब्रेटन वुड्‌स येथे जगाची नवी चलनव्यवस्था ठरत असताना हिंदी प्रतिनिधींनी या अडकलेल्या पौंडांचा प्रश्न मांडला, तेव्हा त्या प्रतिनिधींत देशमुखही होते. तो प्रश्न तेथे सुटला नाही. युद्धानंतर हे देणे कमी करून घ्यावे, असे म्हणणारे लंडनमध्ये होते. अखेर ती रक्कम हप्त्याहप्त्याने सुटत गेली; मध्येच सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे मूल्य ३० टक्क्यांनी घटले आणि डॉलरच्या हिशेबात आपला साठाही तेवढाच झिजला. उरलेला पैसा धान्याच्या आणि यंत्रांच्या आयातीत, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभीपर्यंत, जवळजवळ संपला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या कारखान्यांची किंमत काही अंशी बंगालच्या मृतांनी चुकवली आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

आपल्या मुलखाचा खजिनाही असाच एकदा लंडनमध्ये अडकला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान संपत असताना, निजाम सरकारच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील खात्यातून १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग इतकी रक्कम पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळवण्यात आली. ते काम संस्थानचे मंत्री मोईन नवाज जंग यांनी केले. आपली संमती नव्हती, असे निजाम मीर उस्मान अली खान यांनी लगोलग कळवले. बँकेने पैसा रोखून धरला. १९५७ मध्ये प्रकरण इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जाऊन तेथेच गोठले. निकाल लागला ऑक्टोबर २०१९ मध्ये. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती आणि निजाम जग सोडून अर्धशतक लोटले होते. हक्कदार ठरले ते निजामाचे दोन नातू आणि भारत सरकार. त्या रकमेत परतूर, अंबड, भोकरदनच्या शेतसाऱ्याचे किती शिलिंग होते, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत बसणारा नव्हता.

ओघाने आणखी एक गोष्ट सांगतो. निजामाने १९६५ च्या युद्धानंतर देशाला पाच टन सोने दान दिले, असे आपल्या मैफलींत मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. माहितीच्या अधिकारातून आणि त्या वेळच्या वृत्तांतून जे समोर आले ते असे की, त्यांनी ४२५ किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतवले आणि त्या रोख्यांवर साडेसहा टक्के व्याज होते. संकटकाळी देशाच्या साठ्यात एवढे सोने ठेवणे हीदेखील मोठीच मदत होती. ती आहे तेवढीच सांगावी. सत्याला मुलामा देऊन आपल्या समाजाची मान उंच होत नाही. कुणी कागद काढून दाखवला की उलट खाली जाते.

आता १९९१. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले. तेलाचे भाव भडकले. कुवेतमधून सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले आणि त्यांच्या मनीऑर्डरी थांबल्या; परदेशस्थ भारतीयांनी येथील बँकांतील ठेवीही काढून घेतल्या. पण खरे कारण आखाती युद्धाच्या आधीचे होते. मागील दहा वर्षे सरकार उत्पन्नापेक्षा अधिक खर्च करत होते आणि अल्पमुदतीची कर्जे काढून तूट भागवत होते. १९९१ च्या मध्यापर्यंत परकीय चलन जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरते राहिले. मे महिन्यात, निवडणुका चालू असताना, तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत एका स्विस बँकेला, परत विकत घेण्याच्या बोलीवर, दिले गेले. (ज्या तस्करीला आपण शिव्या देतो तिचाच माल देशाच्या कामी आला; नियतीची अशी थट्टा क्वचित पाहायला मिळते.) जूनमध्ये नवे सरकार आले. पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव, अर्थमंत्री मनमोहन सिंग, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एस. व्यंकिटरमणन. जुलैमध्ये मुंबईच्या रिझर्व्ह बँकेतून ४६.९१ टन सोने चार खेपांत विमानतळावर नेऊन परदेशी पाठवण्यात आले आणि त्यावर ४० कोटी ५० लाख डॉलर उभे राहिले. एका खेपेत वाटेत गाडी बंद पडली आणि शस्त्रधारी रक्षकांनी भररस्त्यात तिला वेढा घातला, ही हकिकत नंतर तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांनी लिहून ठेवली. सर्व काही गुप्त होते. बातमी वर्तमानपत्राने फोडली तेव्हा देशाला समजले.

देशाला लाज वाटली. घरातील बाईचे दागिने सराफाकडे गहाण पडावेत, तशी. या लाजेचे परीक्षण केले पाहिजे, असे मला वाटते. गहाण ठेवणे ही गोष्ट इस्लामने लज्जास्पद मानलेली नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या जगाचा निरोप घेतला तेव्हा त्यांचे चिलखत, घरच्यांसाठी घेतलेल्या तीस साअ सातूच्या बदल्यात, एका यहुदी गृहस्थाकडे गहाण होते. अख्ख्या अरबस्तानाचे अधिपती असलेल्या पुरुषाच्या घरची ही स्थिती, आणि हदीसच्या ग्रंथांनी ती झाकून ठेवली नाही. परतफेडीचा निश्चय असलेला गहाणदार अपमानित नसतो. भारतानेही काही महिन्यांतच ते कर्ज फेडले. कर्जावरील व्याजाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याविषयी या मासिकाच्या वाचकांना मी नव्याने काही सांगण्याची गरज नाही.

लाज वाटायला हवी होती ती दुसऱ्या गोष्टीची. आपल्या मुहल्ल्यांतील एक नित्याचा प्रसंग घ्या. धंद्यात खोट आली की नवरा बायकोचे सोने उचलतो आणि गहाण ठेवतो. तिला कळते ते लग्नकार्यात डबा उघडल्यावर. त्या सोन्यात तिचा मेहर असतो, माहेरचे असते. शरीअतच्या दृष्टीने ते सर्वस्वी तिचे आहे. ‘घरासाठीच तर ठेवले’, हे उत्तर पुरेसे नाही. घरासाठी ठेवायचे असेल तर घराच्या मालकिणीला विचारून ठेवावे. बहुतेक वेळा ती स्वतःच बांगड्या काढून देते. १९९१ मध्ये सोन्याची वाहतूक गुप्त ठेवणे शहाणपणाचे होते, यात शंका नाही. पण सोने गहाण पडण्याची वेळ दहा वर्षे हळूहळू येत होती, आणि तेवढा काळ मालकाला डबा उघडून दाखवला गेला नाही. गुपित ठेवायचे तर रस्त्याचे ठेवावे, हिशेबाचे नव्हे.

त्यानंतरची कहाणी झपाट्याची आहे. २००३ च्या अखेरीस गंगाजळी १०० अब्ज डॉलरवर गेली. नोव्हेंबर २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ६.७ अब्ज डॉलर मोजून २०० टन सोने विकत घेतले. अठरा वर्षांपूर्वी सोने गहाण ठेवणारा आता खरेदीदार होता. मार्च २०२५ अखेर सोन्याचा साठा ८७९ टनांवर गेला.

या आकड्यांकडे पाहताना एक सावधगिरी हवी. आखातातील तेलसंपन्न देशांचा साठा हा त्यांनी विकलेल्या मालाचा नफा आहे. आपले तसे नाही. आपण जगाला विकतो त्याहून अधिक माल जगाकडून घेतो. आपल्या गंगाजळीत परदेशी गुंतवणूकदारांनी आणलेला पैसा आहे, परदेशस्थ भारतीयांच्या ठेवी आहेत, कर्जे आहेत. मार्च २०२५ अखेर गंगाजळी सुमारे ६६८ अब्ज डॉलर होती, आणि देशाच्या डोक्यावरील परकीय कर्ज ७३६ अब्ज डॉलर होते. शेजाऱ्याने आपल्याकडे ठेवलेल्या ठेवीची पेटी स्वतःच्या श्रीमंतीत मोजणाऱ्या माणसाला आपण काय म्हणू? अमानत आणि मिल्कियत यांतील भेद मदरशातील लहान मुलालाही शिकवला जातो.

आणि जो पैसा खरोखर आपला आहे, फेडावा न लागणारा, तो कोणाचा? २०२४-२५ या वर्षात परदेशी राबणाऱ्या भारतीयांनी १३५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम घरी पाठवली. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार अशा रकमेत राज्यांमध्ये महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे वीस टक्के आहे. त्यात संगणक अभियंते आहेत, परिचारिका आहेत, आणि दुबई-जेद्दाहच्या उन्हात सळया बांधणारे, पन्नास अंश तापमानात ट्रक चालवणारे कोकणातील व मराठवाड्यातील तरुणही आहेत. दोन-दोन वर्षे मुलांचे तोंड न पाहता पाठवलेला दिरहम येथे रुपया होऊन घरी पोहोचतो आणि त्यातून देशाच्या पेटीत डॉलर येतो. गंगाजळीच्या बातमीत या माणसाचे नाव कधी नसते.

साठा कोठे ठेवला आहे, यालाही नैतिक अर्थ आहे हे जगाने अलीकडेच पुन्हा पाहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलची सत्ता बदलताच अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे न्यूयॉर्कमधील सुमारे सात अब्ज डॉलर गोठवण्यात आले. त्या हिवाळ्यात निम्म्याहून अधिक अफगाण जनता तीव्र अन्नटंचाईत होती. नव्या राज्यकर्त्यांच्या हाती किल्ली द्यावी काय, हा प्रश्न खोटा नव्हता, विश्वस्ताची पात्रता यूसुफ (अ.) यांनीही आधी सांगितली होती. परंतु किल्लीचा वाद चालू असताना मालकाला उपाशी ठेवण्याचा अधिकार कोणत्या न्यायातून येतो? पुढे अर्धी रक्कम स्वित्झर्लंडमधील एका निधीत वळवली गेली. १९४३ नंतर जवळपास ऐंशी वर्षांनी तेच चित्र, नवी नावे.

माझ्या वाचनात फुकहाची एक चर्चा आहे. बैतुलमालवर जकात का नाही, याचे कारण ते असे देतात की त्या धनाला ठराविक मालक नाही. ते सर्वांचे आहे. हे कारण वरवर पाहता सूट वाटते. नीट पाहिले तर ती अधिक मोठी जबाबदारी आहे. माझ्या सोन्यात गरिबाचा हक्क अडीच टक्के आहे. बैतुलमालमध्ये तो अडला-नडला असेल तर त्याचा हक्क टक्क्यांत मोजता येत नाही. खजिना कन्ज आहे की अमानत, याची कसोटी आकड्यात सापडत नाही. गरजेच्या दिवशी तो उघडला काय आणि ज्याच्यासाठी राखला होता त्याच्यापर्यंत पोहोचला काय, यातच ती सापडते.

ही कसोटी आपल्या दारातही लागली आहे. ५ जून २०२० रोजी संपलेल्या आठवड्यात भारताच्या गंगाजळीने इतिहासात प्रथमच ५०० अब्ज डॉलरचा आकडा ओलांडला. टाळेबंदीमुळे तेलाची आयात मंदावली होती, हेही त्यामागचे एक कारण. त्याआधी चार आठवडे, ८ मेच्या पहाटे, बदनापूर आणि करमाड यांच्या दरम्यान रेल्वे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. मध्य प्रदेशातील शहडोल व उमरिया जिल्ह्यांतील ही मुले जालन्यातील लोखंडाच्या कारखान्यात काम करत होती. काम बंद होते, पैसे संपले होते. भुसावळहून गाडी मिळेल या आशेने आदल्या संध्याकाळी ती जालन्याहून पायी निघाली होती. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे.

अर्थशास्त्र जाणणारा म्हणेल, डॉलरची गंगाजळी मजुराच्या हाती देता येत नाही. ती आयातीसाठी असते. ते बरोबर आहे. पण त्या उन्हाळ्यात देशाची धान्याची कोठारेही बफरसाठ्याच्या निकषापेक्षा कितीतरी अधिक भरलेली होती, आणि तेथे डॉलरचा अडथळा नव्हता. शिधापत्रिका असलेल्यांना एप्रिलपासून मोफत धान्य मिळू लागले होते. या मुलांची शिधापत्रिका असलीच तर शेकडो मैलांवर, गावी होती. शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरित मजुरांनाही दोन महिने माणशी पाच किलो धान्य दिले जाईल, अशी घोषणा केंद्रीय अर्थमंत्र्यांनी केली. ती तारीख होती १४ मे.